डाव्या बाजूचा फाळका

आसेगावच्या माणिकरावांना आयुष्यात कोणी "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारलंच नव्हतं, असं नाही. पुष्कळांनी विचारलं होतं. पण उत्तर त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत दुसराच कोणीतरी ते देऊन मोकळा व्हायचा आणि माणिकराव मान हलवायचे. लग्नाच्या वेळी शिंप्याने कोटाचा रंग विचारला, हे विचार करू लागले, तोवर मामाने बदामी सांगून टाकला. घर बांधलं तेव्हा दार पूर्वेला असावं असं त्यांच्या फार मनात होतं. गवंड्याने ते उत्तरेला काढलं, आणि उन्हाळ्यात तेच कसं बरं पडतं हे पुढे माणिकरावच लोकांना समजावून सांगत राहिले. उंचीने गावात त्यांच्याइतका लांब माणूस नव्हता, पण चारचौघांत उभे राहिले की ते कोणाच्या ध्यानात येत नसत.

त्यांची बायको भागिरथा नेमकी उलट. उंचीने त्यांच्या खांद्याइतकी आणि आवाजाने दोन माणिकरावांइतकी. दोघांचा धंदा वाळल्या मिरचीचा. मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि घरचं आसेगाव असे आठवडी बाजार ते फिरत. भाड्याच्या गाडीत पोती टाकायची, बाजारात ताडपत्री अंथरायची, मिरचीचे लालभडक ढीग लावायचे आणि ढिगांच्या मधोमध भागिरथाने मांडी घालून बसायचं. हाका मारणं, भाव करणं, भांडणं, भांडून झाल्यावर त्याच बाईला पोराबाळांची खुशाली विचारणं, हे सगळं खातं तिच्याकडे. माणिकराव मागे बसून तोलत.

मग भागिरथाचे गुडघे बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं, "चाला, फिरा, पण जमिनीवर बसायचं नाही. मांडी तर घालायचीच नाही." भागिरथा घरी राहिली आणि माणिकराव एकटेच बाजार करू लागले. गिऱ्हाइकं यायची, "मावशी कुठी हाय?" म्हणून विचारायची आणि मावशी नाही म्हटल्यावर पुढे जायची. हाक मारायला माणिकरावांचं तोंड उघडायचं, पण शब्द बाहेर यायला लाजायचे. इकडे घरात भागिरथा टीव्हीवरच्या बायकांशी भांडू लागली होती. मिरची घरात पडून राहिली असती तर एक वेळ चाललं असतं, पण भागिरथा घरात पडून राहिली असती तर घर काही शाबूत राहिलं नसतं.

तोड तिनेच काढली. "पिकअप घेऊ आपली. गाडीच दुकान. डाव्या बाजूचा फाळका असा खाली पडला पायजे का त्याच्यावर ढीग लावता आले पायजेत. आत मले बसाले एक बाक, पाय लोंबते सोडून. आन् चढाले एक पायरी. बस. बाकी चाकाबिकाचं तुमी पाहा."

फाळका म्हणजे गाडीच्या हौद्याची बाजू. साधारण गाडीला तो मागेच उघडतो. बाजूला उघडणारा, आणि तोही दुकानाच्या फळीसारखा सपाट राहणारा हवा असेल तर तो करवून घ्यावा लागतो. म्हणजे सांगावं लागतं. म्हणजे बोलावं लागतं.

"तूच चाल नं संगं," माणिकराव म्हणाले.

"मी आली तर मीच बोलन. तुमी गाडी चालवणार, तुमीच बोला. एक डाव तरी तोंड उघडा, दात पडाच्या आधी."

गावात पिकअप एकाची असते आणि काम सगळ्यांचं असतं. त्यामुळे माणिकराव गाडी घेणार ही बातमी पसरली तसे ज्याला त्याला आपापले बेत आठवू लागले. शेजारचे रामराव म्हणजे बालपणापासूनचे दोस्त. त्यांचा कापूस दरवर्षी कारंज्याला जायचा. "माह्याशिवाय गाडी घेशील तर फसशील लेका," म्हणून ते निघाले. भाचा प्रसेनजितची साउंड सिस्टिम होती. जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी गाडी शोधत हिंडावं लागे, म्हणून तोही निघाला. वाटेत रूपला भेटला. हा पोहरादेवीकडचा, शेळ्या-बोकडांचा व्यापारी. तो नुसताच यांच्या भाड्याच्या जीपमध्ये बसला आणि कुठे चाललोय ते नंतर विचारलं.

शोरूममध्ये गोड बोलणारी एक मुलगी होती. तिने विचारलं, "सर, कलर कोणता?"

माणिकरावांना निळा हवा होता. त्यांनी श्वास घेतला.

"पांढरा," रामराव म्हणाले. "विकाले सोपा जाते."

"सीट कव्हर?"

"हे वाघवालं," प्रसेनजित म्हणाला.

"हॉर्न साधा की म्युझिकल?"

"वाजवून दाखवा," रूपला म्हणाला, आणि सगळे हॉर्न वाजवून झाल्यावर त्याने जो निवडला तो ऐकून रस्त्यावरचं एक कुत्रं पळून गेलं.

घरी आल्यावर भागिरथाने सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर माणिकरावांना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "वाघ कोनाले पायजे होता?"

माणिकराव गाडीच्या पावतीची घडी घालू लागले.

"जाऊ द्या. वाघावर तुमीच बसणार हा. आता बॉडी उरली. ते जर जाळीची नाईतर बोकडाची करून आणली नं, तर मी घरीच बसतो मंग. टीव्ही हायेच."

शेवटचं वाक्य ती हसून बोलली, पण स्वयंपाकघरात जाताना भिंतीला हात धरून गेली. त्या रात्री माणिकरावांनी कुशीवर वळून वळून पाठांतर केलं : डाव्या बाजूचा फाळका, बाक, पायरी. डाव्या बाजूचा फाळका, बाक, पायरी. विहारातली धम्मपालन गाथासुद्धा त्यांनी इतक्या काळजीने कधी पाठ केली नव्हती.

शोरूममधून गाडी केबिन आणि सांगाडा एवढीच मिळाली होती. मागची बॉडी कारंज्याला रतनसिंगच्या वर्कशॉपमध्ये बांधायची ठरली. एकटंच जावं म्हणून माणिकराव पहाटे गुपचूप निघाले, तर गाडीच्या वाघावर रामराव आधीच बसून बिडी ओढत होते. मागे सांगाड्याला धरून प्रसेनजित उभा होता. रूपला कारंज्यात थेट वर्कशॉपच्या दारात भेटला.

रतनसिंगची कामाची एक रीत होती. तो कागदावर माप घेत नसे. कागदावर माणूस एक सांगतो आणि गाडी झाल्यावर दुसरंच मागतो, असा त्याचा अनुभव. म्हणून तो वर्कशॉपच्या फरशीवर खडूने अख्खी बॉडी आखायचा, जेवढ्यास तेवढी, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बसा गाडीत." गिऱ्हाईक त्या चौकोनात उभं राहून, बसून, हातवारे करून काय ते दाखवायचं. ते पक्कं झालं की रतनसिंग लोखंड कापायला घ्यायचा.

"एक डाव कापलं का मंग रडून फायदा नाई," त्याने आधीच बजावलं. "बोला, मालिक कोन?"

"आमीच," रामराव म्हणाले आणि खडूच्या रेषेबाहेर चपला काढून आत शिरले.

रामरावांना उंच जाळी पाहिजे होती, कापूस दाबून भरता यावा म्हणून. किती दाबून ते दाखवायला त्यांनी रिकाम्या फरशीवर जागच्या जागी नाचून कापूस तुडवला. प्रसेनजित म्हणाला, जाळी चालणार नाही, मिरवणुकीत स्पीकरचा आवाज अडतो. तो मागच्या कोपऱ्यात हात पसरून स्पीकरांची भिंत होऊन उभा राहिला. रूपलाला दोन मजले हवे होते, खाली बोकड आणि वर शेळ्या. त्याने कमरेत वाकून खालच्या मजल्यावरून रांगत एक चक्कर मारली.

"अन् मामाच्या मिरच्या?" प्रसेनजितला एकदम आठवलं.

"वरच्या मजल्यावर, शेळ्यायसंगं," रूपला म्हणाला.

"शेळ्या शिंकतीन ना बे."

"शिंकू दे. शिंकणारी शेळी जित्ती हाये हे तरी गिऱ्हाइकाले समजते."

"स्पीकर लावले तर तुही शेळी जित्ती राह्यणार नाई," रामराव म्हणाले. "माह्या कापसावर पाय देऊ नको रे प्रसेनजित!"

"कुठी हाय तुमचा कापूस?"

"तू त्याच्यातच उभा हायेस!"

रतनसिंग खडू घेऊन कधी इकडे रेघ ओढायचा, कधी तिकडची पुसायचा. शेवटी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भाऊ, असली गाडी मी उभ्या जिंदगीत बांधली नाई. कागदपत्रावर नाव कोनाचं हाये?"

तिघांनी बोट दाखवलं. माणिकराव खडूच्या गाडीबाहेर, मागच्या चाकापाशी उभे होते.

"तुमी बोला," रतनसिंग म्हणाला.

"ते... डाव्या बाजूनं..." माणिकराव म्हणाले.

"डाव्या बाजूनं जाळीचं दार," रामरावांनी पुरं केलं.

"नाई, म्हणजे, फा..."

"फाउंडेशन पायजे मजबूत, स्पीकरले," प्रसेनजित म्हणाला.

रतनसिंगने मान हलवली आणि तो कटरच्या मशीनकडे वळला. तो मशीनपर्यंत पोचला, त्याने तार लावली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. माणिकरावांना डोळ्यांसमोर दिसलं : टीव्ही, टीव्हीसमोर भागिरथा, आणि भिंतीला धरलेला तिचा हात.

शब्दांनी होत नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते त्यांचं त्यांनाही आधी ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातला रंगाचा रिकामा डबा त्यांनी उचलला, खडूची रेघ ओलांडून ते गाडीत शिरले, डावीकडच्या रेषेला तोंड करून डबा मांडला आणि त्यावर बसले.

"अरे लेका, जाळीवर बसला तू," रामराव म्हणाले.

माणिकरावांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, पदरासारखा. त्याचं टोक कमरेला खोचलं. हवेत दोन कड्या काढल्या, नसलेला फाळका दोन्ही हातांनी सावकाश खाली सोडला, त्याच्यावरची नसलेली धूळ झटकली. नसलेले ढीग रचले. एक थोडा वाकडा झाला होता तो सरळ केला. आणि मग भागिरथाच्या आवाजात, तिच्या त्या शेवटी हेल काढायच्या ढंगात, त्यांनी हाक मारली :

"या वं बाई, या वं माय! लाल लाल देखणी, जिभेले टोचणी! वरणाले रंग, भाजीले संग! पुढच्या दुकानी जाशीन तं नवरा उपाशी उठीन वं बाई!"

वर्कशॉपात वेल्डिंग थांबलं. शेजारच्या टायरवाल्याने आत डोकावून पाहिलं. रतनसिंगने काळा चष्मा कपाळावर नेला.

रूपला बाजारातला माणूस. कोणी हाक मारली की त्याचे पाय आपोआप वळत. तो वाकलेला सरळ झाला, गाडीतून उतरला, डाव्या बाजूने समोर आला आणि त्याने हवेतली एक मिरची उचलून नाकाला लावली. "कशी देली मावशी?"

माणिकरावांनी भाव सांगितला.

"लय महाग झालं. कमी कर."

"नाई."

"जुनं गिऱ्हाईक हाये मी."

"जुनं हायेस म्हणून तं उभं राहू देलं. मागच्या बाजारी डोळ्याले हात लावून बोंबलला तो तूच नं?"

रामरावांना राहवेना. तेही चपला घालून उतरले आणि रूपलाला कोपराने बाजूला सारून पुढे झाले. "वहिनी, तिखट वाटत नाई यंदा."

"तुमची जीभ जाड झाली रामरावभाऊ, बिड्यांनी. घरच्या बाईले पाठवा, तिले समजते."

टायरवाला खो खो हसला. रामरावही हसले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. "बरं, मिरची राहू दे. जाळीचं काय?"

"नाई," माणिकराव म्हणाले.

"मामा, स्पीकर?" प्रसेनजितने कोपऱ्यातून विचारलं.

"नाई."

"माहे बोकड तरी," रूपला म्हणाला, "खालच्या खाली..."

"नाई. फाळका इथी. डाव्या बाजूनं, पुरा उघडणारा, सपाट राह्यणारा. बाक इथी, मी बसलो तसा. पायरी तिथी. तिचे गुडघे दुखतात."

शेवटचं वाक्य त्यांच्या स्वतःच्या आवाजात निघालं. रतनसिंग खाली बसला, फरशीवरच्या जाळ्या, मजले आणि स्पीकर ओल्या फडक्याने पुसले आणि डब्यावर बसलेल्या माणिकरावांच्या ढोपरापासून, कोपरापासून एकेक खूण करत गेला. खुणा करून झाल्यावर म्हणाला, "झालं. आता पदर काढला तरी चालते."

बॉडी चढवायला गाडी पुन्हा आणायची ठरली. परतीच्या वाटेवर प्रसेनजित जरा फुगून बसला होता. रामरावांनी दोनचारदा माणिकरावांकडे तोंड वळवून पाहिलं, जणू इतकी वर्षं शेजारी कोण राहत होतं याची खात्री करत होते. "तोंड हाय म्हणा याले," ते शेवटी वाघाला उद्देशून म्हणाले.

गाडी तयार होऊन आली ती आसेगावच्याच बाजाराच्या दिवशी. माणिकरावांनी ती नेहमीच्या जागी डावी बाजू रस्त्याकडे करून लावली. भागिरथा पायरीवर चढली, अगदी अलगद, भिंत न धरता. माणिकरावांनी कड्या काढल्या आणि फाळका दोन साखळ्यांवर खाली येऊन फळीसारखा सपाट झाला. रामराव आणि रूपला हजर होतेच. ढीग लागले. भागिरथा बाकावर बसली.

आणि दिसेनाशी झाली.

म्हणजे कपाळावरचा पदर तेवढा मिरचीच्या ढिगावर दिसत होता. पाय अधांतरी लोंबत होते, फाळका हनुवटीला लागत होता.

"अवं," ढिगामागून आवाज आला, "मी दुकानदार हावो का कैदी? कोनाचं माप देलं हे?"

माणिकराव साखळीचा गंज पाहू लागले. गंज नव्हता, साखळी नवी होती.

"वहिनी, तुमाले ठावंच नाई?" रामराव म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा, पदर, हेल, जाड जीभ, सगळं. जिथे त्यांना आठवेना तिथे रूपलाने भर घातली. ढिगामागचा पदर आधी स्थिर होता, मग हलू लागला, मग गदगदा हलू लागला. भागिरथा हसत हसत बाजूला सरकली, डोळे पुसले, आणि मिरचीच्या हाताने पुसल्यामुळे आणखी रडली.

"माहा आवाज काढला?"

"काढला," रूपला म्हणाला. "अस्सल. मी तं मिरची घेणारच होतो."

बाकावर दोन पोत्यांची घडी टाकली असती आणि पायांखाली एक वीट ठेवली असती तर माप बरोबर जुळलं असतं. हे माणिकरावांना दिसत होतं, भागिरथालाही दिसत होतं. पण ती त्याबद्दल बोलली नाही. पायरीवरून खाली उतरली, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाली, "ज्याच्या मापाचं तो बसीन."

"मी?"

"मंग कोन, वाघ? बसा. मी येतो जरा फिरून. डॉक्टरनं सांगतलं हाये, चाला म्हणून."

भागिरथाचा जन्म बाजारात गेला होता, पण बाजार म्हणून तो तिने कधी पाहिला नव्हता. ती बसल्या जागेवरून दिसेल तेवढाच तिचा बाजार. आता ती सावकाश चालत निघाली. बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली, तिथल्या बाईशी भांडली, न घेता पुढे गेली, परत आली, घेतल्या. गरम जिलबी उभ्यानेच खाल्ली. खाऱ्या फुटाण्यांची चव पाहिली आणि ते नरम असल्याचं फुटाणेवाल्याला सांगितलं. वाटेत दहा जणींनी गुडघ्यांची चौकशी केली आणि तिने त्या दहा जणींना मिरचीच्या गाडीकडे पाठवलं.

गाडीत माणिकराव ढिगांच्या मधोमध बसले होते, उंच, सगळ्या बाजाराला दिसतील असे. लपायला मागे जागा नव्हती. पहिली बाई आली तेव्हा त्यांनी भाव पुटपुटला. तिला ऐकू आला नाही म्हणून पुन्हा सांगितला. दुसरीला एकदाच सांगितला. चौथीपर्यंत कान लाल झाले होते, पण मिरचीच्या रंगात ते कोणाला कळले नाहीत.

मग गर्दी बाजूला झाली आणि फाळक्यासमोर भागिरथा येऊन उभी राहिली. हातात नव्या बांगड्या, तोंडावर सख्ख्या बायकोने कधी नवऱ्याकडे पाहू नये असा परकेपणा.

"काय हो मिरचीवाले, कशी देली?"

रामरावांनी बिडी विझवली. रूपला पोत्यावर टेकला. माणिकरावांनी भाव सांगितला.

"बाप्पा! तिकडं तं कमी हाये."

"तिकडची देठाची हाये," माणिकराव म्हणाले. "ही निवडून आणली. माह्या बायकोनं निवडली हाये."

"बायकोचं काय सांगता! वर किती टाकता?"

"वर काही नाई."

भागिरथाने हातातली मिरची ढिगावर टाकली, तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून चालू लागली. गुडघ्यांमुळे हळू चालत होती, की घेणारं गिऱ्हाईक जसं हळू चालतं तसं चालत होती, हे ओळखणं कठीण होतं. असल्या पाठी वाचण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि आता तिची पाठ वाचायची पाळी माणिकरावांची होती.

"हाक मार लेका," रामराव हळूच म्हणाले. "गिऱ्हाईक चाललं."

सगळा बाजार पाहत होता. माणिकरावांनी छाती भरून श्वास घेतला.

"ओ बाई!"

आवाज मोठा होता. तो भागिरथाचा नव्हता, त्यांचा स्वतःचाच होता, आणि तो ऐकून त्यांनाच दचकायला झालं. भागिरथा चालतच राहिली. शहाणं गिऱ्हाईक पहिल्या हाकेला वळत नाही.

"ओ बांगड्यावाल्या बाई! या इकडं! मूठभर वर टाकतो!"

ती बांगड्या वाजवत पुढेच गेली.

"अवं भागिरथे!" माणिकराव बाकावरून अर्धे उठून ओरडले. "दोन मुठी!"

बाजारभर हशा पिकला. भागिरथा थांबली. पण वळली नाही. तिच्या अंदाजाने मिरचीवाला अजून एक मूठ वाढवणार होता.